तुषार देशपांडेच्या १२३ धावा कुणाच्या?

परवा दुधाच्या पिशव्या घेऊन जिना चढत होतो, तर खालच्या मजल्यावरच्या काकांनी अडवलं. "काय रे, सरकारनं तुमचं ते फँटसी क्रिकेटचं दुकान बंद केलं म्हणे? बरं झालं बाबा. पोरं वाया चालली होती." म्हटलं, "काका, आमच्यात पैशाचा संबंधच नाही." काका हसले. "असं सगळेच म्हणतात."

जिन्यात याच्यापुढे काय बोलणार? म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी आणि माझे दोन मित्र गेली सात वर्षं फँटसी क्रिकेटची एक साइट चालवतो. फक्त रणजीची. त्यातही मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ आणि गोवा एवढेच संघ. या चारांतून अकरा जण निवडायचे, एकाला कर्णधार करायचं, त्याचे गुण दुप्पट. प्रवेश फी नाही. पहिल्या येणाऱ्याला नाशिकचा चिवडा, तोही त्यानं स्वतः येऊन न्यायचा, कुरियर परवडत नाही. सुरुवातीला मेसवरचे चौदा जण होतो, आता तीनशेच्या आसपास आहेत. त्यातले निम्मे दर मोसमात तिसऱ्या सामन्यानंतर गायब होतात, ते सोडा. डोमेन आणि होस्टिंगचे वर्षाला सहा-साडेसहा हजार होतात, ते आम्ही तिघं वाटून घेतो.

आयपीएलचं का नाही करत, असं प्रत्येक नवा माणूस विचारतो. अहो, त्या मांडवात आम्हाला उभं कोण करणार? तिथे सगळं आधीच आहे, फुकट आहे आणि चकचकीत आहे. रणजीकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. सकाळी साडेनऊला सुरू होणारा, चार दिवस चालणारा, रिकाम्या स्टँडसमोरचा सामना. नाशिकला अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राची मॅच असली की मी अर्धा दिवस रजा टाकून जातो. शेजारी बसलेले आजोबा पेपर वाचत असतात आणि विकेट पडली की मलाच विचारतात, कोण गेला?

काम म्हणाल तर सगळं हातानं. संध्याकाळी खेळ संपला की धावफलक उघडायचा आणि एक्सेलमध्ये भरत बसायचं. बदली खेळाडूनं झेल घेतला तर गुण कुणाला? कुणालाच नाही. धावबादमध्ये फेकणाऱ्याला की बेल्स उडवणाऱ्याला? अर्धे-अर्धे, तीन वर्षं भांडून ठरलंय. सगळं भरून, साइटवर चढवून, जेवून झालं की रात्री अकराला मेसेज येतो: दादा, तो झेल दुसऱ्याच्या नावावर केलाय त्यांनी. पुन्हा लॅपटॉप.

आता त्या १२३ धावांची गोष्ट सांगतो. त्या वर्षी आम्ही एक शहाणपणाचा नियम केला होता: यादीत 'गोलंदाज' असलेल्या खेळाडूच्या धावांना दुप्पट गुण. सगळे नुसते फलंदाज आणि अष्टपैलू भरत होते, म्हणून. शेपटाकडून पंधरा-वीस धावा होतात, त्याचे तीस-चाळीस गुण, कुणाचं काय जातंय!

फेब्रुवारी २०२४. उपांत्यपूर्व फेरी, मुंबई विरुद्ध बडोदा, बीकेसीचं मैदान. मुंबईच्या दुसऱ्या डावात नववी विकेट पडली तेव्हा धावा होत्या ३३७. दहावा तनुष कोटियन, अकरावा तुषार देशपांडे. आणि दोघांनी २३२ची भागी केली. तनुष नाबाद १२०, तुषार १२३. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोघांनीही एकाच डावात शतक ठोकायची प्रथम श्रेणी क्रिकेटमधली ही दुसरीच वेळ. पहिली १९४६ची, ओव्हलवर सरेविरुद्ध, आपल्या चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जींची. म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांनी घडलेली गोष्ट, आणि ती घडायला नेमकं आमच्या नियमाचं वर्ष सापडलं.

तनुष आमच्या यादीत अष्टपैलू, त्याचं ठीक होतं. तुषार गोलंदाज. १२३ दुणे २४६, अधिक शतकाचे २५, झाले २७१. कल्याणच्या एका वहिनींनी त्याला 'गावचा मुलगा' म्हणून घेतलं होतं. नुसतं घेतलं नव्हतं, कर्णधार केलं होतं. २७१ दुणे ५४२. एक्सेलचा तो रकाना मी दोन आकड्यांपुरता अरुंद ठेवला होता, त्यामुळे वहिनींच्या नावापुढे आकड्याऐवजी खिडकीचे गज दिसत होते.

तोवर पहिल्या नंबरवर असलेला पुण्याचा गडी पेटला. नियमाचा हेतू असा नव्हता, वगैरे. ग्रुपवर रात्रभर धुमश्चक्री. कोणी म्हणे पन्नासवर मर्यादा घाला, कोणी म्हणे सामनाच धरू नका. वहिनी गप्प. साडेअकराला त्यांचा एकच मेसेज आला: "नियम तुम्हीच केला होता ना भाऊजी? मी फक्त टीम लावली."

मतदान घेतलं. वहिनी जिंकल्या. चिवडा न्यायला सहकुटुंब आल्या होत्या.

त्या रात्री ड्रीम११सारख्या मोठ्या फँटसी अ‍ॅपवर काय झालं असतं? काहीच नाही. अटी-शर्तींच्या सतराव्या पानावर कुठेतरी उत्तर असतं आणि ते कोणीही वाचत नाही. आमच्याकडे भांडायला समोर माणूस असतो. मोठ्यांना परवडत नाही असं आमच्याकडे एवढं एकच आहे.

तर मुद्दा असा की त्या १२३ धावा कुणाच्या? तुषारच्या? मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या? बीसीसीआयच्या? की सामना दाखवणाऱ्या चॅनेलच्या? आणि मी, ज्यानं कुणालाही न विचारता त्या माझ्या एक्सेलमध्ये टाकल्या, तो चोर का?

यावर अमेरिकेत मोठी लढाई होऊन गेलीय. सेंट लुईसमध्ये सीबीसी नावाची एक छोटी कंपनी होती, फँटसी बेसबॉल चालवायची. खेळाडूंच्या संघटनेकडून रीतसर परवाना घेऊन १९९५ ते २००४ तिचा धंदा चालला. २००५मध्ये संघटनेनं ते हक्क मेजर लीग बेसबॉलच्या इंटरनेट कंपनीला एकहाती देऊन टाकले. त्या कंपनीचं छोट्यांना म्हणणं असं, की आमचा खेळ तुमच्या साइटवरून विका आणि थोडा वाटा घ्या. म्हणजे स्वतःचं हॉटेल बंद करून शेजारच्या हॉटेलात वेटर व्हा. सीबीसी त्याऐवजी कोर्टात गेली. २००६मध्ये जिंकली, २००७मध्ये अपिलातही जिंकली, आणि २००८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. अपील कोर्टाचं म्हणणं साधं होतं: खेळाडूचं नाव आणि त्याची आकडेवारी रोज पेपरात छापून येते, सगळ्यांना माहीत असते, ती वापरण्यापासून कुणाला अडवायचं कसं?

आपल्याकडेही हा वाद झालाय. क्रिकेटचा स्कोअर मोबाइलवर देणाऱ्यांविरुद्ध सामने दाखवणारी स्टार इंडिया दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. २०१३च्या मार्चमध्ये आदेश निघाला की पंधरा मिनिटं थांबून स्कोअर द्या. मला अजून हसू येतं. आउट झालेला माणूस पॅड सोडून, अंघोळ करून बसला तरी स्कोअरवाल्यानं तोंड उघडायचं नाही! ऑगस्टमध्ये खंडपीठानं तो आदेश फिरवला, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढे एप्रिल २०२३मध्ये त्याच दिल्ली न्यायालयानं खेळाडूंच्या डिजिटल कार्डांच्या एका प्रकरणात अंतरिम मनाई नाकारताना म्हटलं, की खेळाडूंबद्दलची जी माहिती सगळ्यांसमोर उघडी आहे तिची मालकी कुणी एकट्यानं सांगू शकत नाही.

हे सगळं मी वकील म्हणून नाही वाचलं, भीतीनं वाचलं. तिसऱ्या वर्षी एका कंपनीच्या वकिलांची मेल आली होती की साइटवरचे लोगो आणि फोटो दोन दिवसांत काढा. नाव नाही घेत, त्यांचं चूक नव्हतंच. लोगो त्यांचा, फोटो फोटोग्राफरचा, आम्ही गूगलवरून उचलून लावले होते. त्या रात्री तिघांनी बसून सगळं उतरवलं. तेव्हापासून आमच्या साइटवर संघ म्हणजे रंगीत चौकोन आणि त्यात एक अक्षर. मुंबईचा 'मुं', विदर्भाचा 'वि'. बालवाडीच्या तक्त्यासारखं दिसतं, पण सगळं आपलं आहे.

एकदा हातानं भरायचा कंटाळा आला म्हणून डेटा विकणाऱ्या एका कंपनीला विचारलं, रणजीचा थेट स्कोअर आमच्या साइटला जोडायला किती घ्याल? त्यांनी जो आकडा सांगितला त्यात आमचं होस्टिंग पन्नास वर्षं चाललं असतं. धावा कुणाच्याच नाहीत, बरोबर आहे. पण त्या चेंडूगणिक, बिनचूक आणि लगेच हव्या असतील तर विकतच घ्याव्या लागतात. विहीर गावाची असली तरी मोटार ज्याची त्याची असते. म्हणून आम्ही अजून बादलीनं काढतो.

आणि आता काकांचा मुद्दा.

२०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. २०ला लोकसभा, २१ला राज्यसभा, २२ला राष्ट्रपतींची सही. जिंकायच्या आशेनं पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. ड्रीम११नं त्याच आठवड्यात पैशांचे सामने थांबवले. त्यांचं नाव भारतीय संघाच्या छातीवर होतं, तीन वर्षांचे ३५८ कोटी, २०२३पासून. ते गेलं आणि सप्टेंबरात आशिया चषकात आपली पोरं प्रायोजकाशिवाय कोरी जर्सी घालून खेळली. लगेच अपोलो टायरवाले आलेही.

कायदा मला पटतो का? बराचसा पटतो. आमच्या मेसवर वाढपी म्हणून असलेला पोरगा रोज एकोणपन्नास रुपयांची टीम लावायचा. कधी दोनदा, कधी पाचदा. महिनाअखेर मालकाकडून उचल. त्याला कौशल्य शिकवायला न्यायालयाचा निकाल पुरला नसता. आम्ही त्याला आमच्या साइटवर बोलावलं तर म्हणाला, "दादा, फुकटात मजा काय?" ते वाक्य मला लागलं होतं, खरं सांगतो.

पण राग येतो तो या गोष्टीचा, की 'फँटसी' हा शब्दच नासला. इतकी वर्षं प्रत्येक ओव्हरनंतर हीच जाहिरात, मोठमोठे खेळाडू सांगतायत टीम लावा, क्रिकेटचे मालक त्याच पैशावर तिजोऱ्या भरतायत. मग एका आठवड्यात सगळं संपलं. त्यांनी हात झटकले आणि दुसरा प्रायोजक शोधला. शब्दाचा वास मात्र आमच्या अंगाला राहिला. कायद्यात आमच्यासारख्यांना जागा आहे, पैज नसेल तर तो साधा करमणुकीचा खेळ, त्याला वर्गणी घेतलेलीसुद्धा चालते. पण कायदा कोण वाचतंय? सुक्याबरोबर ओलंही जळतं. सप्टेंबरात आमचं जाहिरातींचं खातं बंद झालं. महिन्याला दोन-तीनशे रुपये यायचे त्यातून, फार नाही. कारण दिलं होतं 'पैशांचा जुगार'. मी तीनदा लिहिलं की आमच्याकडे पैसे घ्यायची सोयच नाही, हवं तर साइट उघडून बघा. तिन्ही वेळा तेच उत्तर, शब्दाला शब्द तेच, मशीनचं. इथेही भांडायला समोर माणूस नाही.

मित्र म्हणतो नाव बदलू, 'फँटसी' काढून 'रणजी कट्टा' असं काहीतरी करू. मी अजून तयार नाही. शब्द आधी आमच्यासारख्यांचाच होता. मित्रमित्र मिळून कागदावर हा खेळ खेळायचे, तेव्हा कुणाच्या छातीवर कुणाचं नाव नव्हतं.

असो. मोसम बुधवारी, १५ ऑक्टोबर २०२५ला सुरू होतोय. सकाळी साडेनऊच्या आत टीम लावा, नंतर 'दादा, जरा उघडा ना' चालणार नाही. प्लेट, म्हणजे रणजीच्या खालच्या गटातल्या सामन्यांचे गुण निम्मे, हा नियम आहे तोच; पण गोवा यंदा वरच्या एलिट गटात आलाय, त्यामुळे त्याला तो लागणार नाही. गेल्या वर्षी पर्वरीला कश्यप बखले नाबाद ३००, स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, दोघांची ६०६ची अखंड भागी. अरुणाचलच्या गोलंदाजीवर आमचा अख्खा तक्ता आडवा झाला, त्यानंतर हे केलंय. आणि नुसत्या मोठ्या नावांमागे पळू नका. जानेवारीत रोहित शर्मा मुंबईकडून जम्मू-काश्मीरविरुद्ध उतरला, निम्म्या लोकांनी त्याला कर्णधार केलं. ३ आणि २८. त्याच सामन्यात शार्दूल ठाकूरनं ५१ आणि ११९ केल्या, तो नऊ जणांकडे होता.

गोलंदाजांच्या दुप्पट धावांचा नियम काढायचा का, यावर याही वर्षी मतदान घेतलं. राहिला. कल्याणच्या वहिनींनी टीम कालच लावली. कर्णधार कोण ते मी बघितलंसुद्धा नाही.