"नाटक करून नवरा मारायचा थांबतो काय?" या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या चार-पाच ग्रुपवर एकच मेसेज फिरला. म्हणणं असं की घरात मार खाणाऱ्या बायकांना गाणं-नाच-नाटक शिकवणं म्हणजे टाइमपास, त्यांना पोलिस आणि वकील पाहिजेत, शिवाय यानं घरातलं चव्हाट्यावर येतं, जुन्या जखमा उकरल्या जातात, आणि हे पुण्या-मुंबईचं फॅड संस्थांच्या फंडासाठी चाललंय. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात बायकांच्या बैठकीत हेच काम करते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"कायदा आहे की, मग नाटक कशाला?" कायदा आहे, आणि चांगला आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणच नाही, तर शिवीगाळ, घरखर्चाला पैसे न देणं, तिची कमाई काढून घेणं हेसुद्धा हिंसेत धरलंय, आणि घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथं राहायचा हक्क तिला दिलाय. खरं हे सगळं हलतं कधी, तर बहुतेक वेळा ती स्वतः तोंड उघडते तेव्हा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) बघा, कर्नाटकात लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ४४ टक्के बायकांनी नवऱ्याची हिंसा सोसलीय, आणि देशभरात मार किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्यांपैकी ७७ टक्के बायकांनी ना मदत मागितली ना कुणाला सांगितलं. त्यात आपल्याकडं बाई मराठी आणि पोलिस ठाण्यातलं लिखाण कन्नड.

म्हणून आम्ही ठाण्याचा खेळ करतो. पालथी बुट्टी (टोपली) म्हणजे टेबल, एक बाई साहेब, दुसरी तक्रार द्यायला आलेली. एकजण (गाव सांगत नाही) पहिल्यांदा बुट्टीसमोर बसली, पदर ओढला आणि म्हणाली, "काय नाही साहेब, न्हाणीत पडले." नुसता खेळ होता, साहेब झालेली तिची मैत्रीणच होती, तरी तोंडातून तेच आलं. कुणी हसलं नाही. चौथ्या बैठकीला तिनं वार सांगितला, कशानं मारलं ते सांगितलं, आणि मान वर करून म्हणाली, "दूरु बर्कोळ्री," तक्रार लिहून घ्या, "आणि काय लिहिलं ते मराठीत वाचून दाखवा, मग सही करते." पुढं बहिणीला घेऊन ती तालुक्याच्या सीडीपीओ, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या ऑफिसला गेली, या कायद्यातले संरक्षण अधिकारी तेच असतात. वकील नंतर आलाच की, खरं वकिलासमोर बोलायला आवाज आधी लागतो.

"घरातलं चव्हाट्यावर येतं." बैठकीला प्रेक्षक नसतात, दार लावलेलं, मोबाइल बाहेर, फोटो नाही. कोर्टसुद्धा असल्या केसची सुनावणी बंद दाराआड घेऊ शकतं. रस्त्यावर जे नाटक होतं ते कुणा एकीचं नसतं, १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' आलं तेही कुणा एकीच्या घरचं नव्हतंच. आणि रात्रीचा आवाज शेजारी चार घरांत ऐकू जातोच ना, मग सगळ्यांना माहीत असलेलं फक्त तिनं बोलायचं नाही, ही कसली अब्रू?

"जुन्या जखमा उकरल्या जातात." हा मुद्दा खरा आहे, आणि मला तो चूक करून शिकावा लागला. सुरुवातीला मी एकीला "तुझ्यासोबत घडलं तेच करून दाखव" म्हटलं. तिचे हात थंडगार पडले, शब्द फुटेना, बाहेर मोटरसायकलचा आवाज आला तशी ती भिंतीला जाऊन टेकली. ते मी करायला नको होतं. आता स्वतःची गोष्ट कुणीच करायची नाही, पात्राला दुसरं नाव, दुसरं गाव, आणि मध्येच उठून जायची मुभा सगळ्यांना. जी अजून त्याच घरात राहते तिच्याशी आधी समुपदेशक बोलतात, घरी परत गेल्यावर काय होईल ते बघूनच पुढं. कधी कधी तर शब्दच नसतात, नुसता श्वास, टाळ्या, फुगडी. कोलकात्यात 'कोलकाता संवेद' ही संस्था २००४ पासून हिंसा सोसलेल्या मुली-बायकांसोबत नृत्योपचाराचं काम करते, आणि त्यातल्या कित्येकजणी शिकून स्वतः शिकवतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कला आणि आरोग्यावरचे ३,००० हून जास्त अभ्यास तपासले, कलेचा मनाच्या आणि शरीराच्या तब्येतीला उपयोग होतो असाच निष्कर्ष निघाला. म्हणजे धोका कलेत नाही, ती कशी वापरली जाते त्यात आहे, आणि शिकल्याशिवाय कुणी असल्या बैठका घेऊ नयेत हे मी स्वतःच सांगते.

"पुण्या-मुंबईचं फॅड." अहो, सासुरवास जात्यावर गाणाऱ्या आपल्याच आज्या होत्या, पीठ पडायचं आणि मनातलंही पडायचं. संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे.

आणि फंड? जागा देवळामागच्या खोलीची, चटया घरच्या, चहा-साखर वर्गणीतून. मेसेज पुढं पाठवायचाच असेल तर खाली एवढं जोडा: महिला हेल्पलाइन १८१, फोन फुकट लागतो, रात्रीसुद्धा.