लोणचं पाळीने नासत नाही हो!

दर मे महिन्यात तेच. कैऱ्या फोडून झाल्या की काकू विचारणार, "अडचण नाय ना गो तुला? असली तर बरणीला शिवू नको, नासेल." अगं काकू, लोणचं नासतं ते ओल्या हाताने, मीठ कमी पडलं की, दादरा सैल बांधला की, आणि आपल्या रत्नागिरीची हवा तर मेअखेरीस इतकी दमट की पुसून ठेवलेली बरणीसुद्धा हाताला ओलसर लागते!

आणि हे फक्त घरातल्या म्हाताऱ्यांचं असतं तर एक वेळ समजलं असतं. १९२० साली व्हिएन्नात बेला शिक या नामांकित डॉक्टरने, घटसर्पाची शिक टेस्ट ज्याच्या नावाने आहे त्यानेच, पाळी चालू असलेल्या मोलकरणीच्या हातात दिलेली फुलं कोमेजली म्हणून बायकांच्या अंगातून तेव्हा विष बाहेर पडतं असं चक्क छापलं, आणि पुढे कित्येक वर्षं शिकलेसवरलेले लोक ते विष शोधत बसले. डोक्यात आधीच जे बसलंय तेच प्रयोगात दिसणार ना!

यंदा माझ्या बारा वर्षांच्या पुतणीला बरण्यांजवळून उठवलं. सकाळपासून विळीवर बसून सगळ्या फोडी तिनेच केल्या होत्या.