मारुतीची चोरी, सरकारी कट आणि डॉक्टरांचा पुरावा

‘सुपरहीरोंचं काळं सत्य, प्रत्येक आईवडिलांनी वाचावं’ अशा मथळ्याचं एक ढकलपत्र सध्या कायप्पावर फिरतंय. असले संदेश मी एरवी अंगठ्याने वर सरकवतो. पण हे आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी टाकलं आणि ते वाचून ताईने भाच्याची सगळी कॉमिक्स पोत्यात भरून माळ्यावर टाकली. पोरगं चौथीत आहे. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याला वाचायला आवडतं. म्हणून हे उत्तर.

ढकलपत्रात चार दावे आहेत. एक, सुपरमॅन ही आपल्या मारुतीची चोरी आहे. दोन, पोरांना युद्धासाठी तयार करायला अमेरिकन सरकारने १९३८ साली तो मुद्दाम बनवून घेतला. तीन, ज्या दोघांनी तो काढला ते आपल्या देवाच्या जिवावर कोट्यधीश झाले. चार, कॉमिक्स वाचून मुलं गुन्हेगार होतात हे अमेरिकेतल्याच एका मोठ्या डॉक्टरने सिद्ध केलं आणि १९५४ साली तिथल्या सरकारने कॉमिक्सवर बंदी घातली. शेवटी ‘किमान दहा जणांना पाठवा’ आहेच.

आता पहिला आणि दुसरा दावा शेजारीशेजारी ठेवून बघा. दोन पोरांनी मारुती चोरला, की सरकारने सुपरमॅन बनवून घेतला? आधी आपसात काय ते ठरवा. आणि हे पुढे ढकलणारे आमचे काका म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर (म्हणजे फँटमवर) वाढलेला माणूस! वेताळही अमेरिकन वर्तमानपत्रांतूनच आलाय, १९३६ साली, सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. काका गुन्हेगार झाले नाहीत, फक्त ग्रुपचे ॲडमिन झाले.

मारुतीचं चटकन उरकतो. ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, जून १९३८ चा, किंमत १० सेंट. त्यातल्या सुपरमॅनला उडता येत नाही. ढकलपत्र म्हणतं, ‘उडण्याची शक्ती थेट रामायणातून उचलली’, पण या अंकातला सुपरमॅन उड्या मारतो, आणि एका उडीची मर्यादा मैलाचा आठवा भाग दिली आहे. म्हणजे जेमतेम दोनशे मीटर. ज्याची उड्डाणं आपण लहानपणी तिन्हीसांजेला कोटीच्या कोटींत मोजायचो, त्याची चोरी करून कुणी दोनशे मीटरवर थांबेल का? हवेत तरंगणं पुढे रेडिओवरच्या मालिकेतून आणि १९४१ च्या कार्टूनपटांतून रुळलं. बळाचं स्पष्टीकरण तर पहिल्याच पानावर छापलंय : मुंगी स्वतःच्या वजनाच्या शेकडोपट ओझं पेलते, नाकतोड्याची उडी माणसाच्या मापाने धरली तर शहरातल्या कित्येक गल्ल्या ओलांडेल, तसाच हा. लेखक जेरी सीगलने आपल्या प्रेरणा सांगताना सॅमसन आणि हर्क्युलिसची नावं घेतली होती. बलवान देव-दैत्य प्रत्येक देशाच्या गोष्टींत असतात. मारुतीला कॉपीराइटच्या भांडणात ओढायची गरज नाही, तो त्याहून बराच मोठा आहे.

दुसरा दावा मात्र मला सगळ्यांत हास्यास्पद वाटतो, कारण तो खोडायला वेगळं संशोधन लागत नाही. त्याच पहिल्या अंकातल्या सुपरमॅनच्या तेरा पानांत काय आहे एवढं बघितलं तरी पुरे. सुरुवातीला एका निरपराध बाईला खुनाच्या आरोपाखाली फाशी... चुकलो, विजेच्या खुर्चीची शिक्षा झालेली आहे. तिला वाचवायला हा गडी रात्री थेट गव्हर्नरच्या घरात घुसतो, दारं उखडतो आणि माफीचा हुकूम मिळवतो. मग बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्याला भिंतीवर आपटतो. मग लोइस लेन या वार्ताहर मुलीला पळवणाऱ्या गुंडांची मोटार डोक्यावर उचलून फोडतो, मुखपृष्ठावर जे चित्र आहे ते. आणि शेवटी जातो कुठे, तर वॉशिंग्टनला. तिथे एक सिनेटर एका दलालाच्या सांगण्यावरून असं विधेयक पुढे रेटतोय, की त्यापायी देश युरोपच्या भानगडीत ओढला जावा. सुपरमॅन त्या दलालाला बखोटीला धरून तारांवरून पळवतो, त्याची बोबडी वळेपर्यंत.

पुन्हा वाचा. ‘पोरांना युद्धाला तयार करणाऱ्या सरकारी प्रचारा’च्या पहिल्याच अंकात खलनायक कोण? देशाला युरोपात गोवू पाहणारा सिनेटर! दुसऱ्या अंकात त्या दलालामागचा शस्त्रांचा कारखानदार सापडतो. सुपरमॅन त्याला त्याच्याच मालावर चाललेल्या लढाईत शिपाई म्हणून भरती व्हायला लावतो, आणि दोन्ही बाजूंच्या सेनापतींना समोरासमोर आणून सांगतो की आता तुम्हीच लढा. दोघांनाही कशासाठी लढायचं ते सांगता येत नाही. तिसऱ्या अंकात एक खाणमालक स्वतःच्याच असुरक्षित खाणीत अडकतो, त्यात सुपरमॅनचाच हात. असला प्रचार कुठलं सरकार पैसे देऊन करून घेईल? पोलीस त्याच्या मागे, सत्ताधारी त्याच्यावर नाराज. मंदीत होरपळलेल्या क्लीव्हलँडमधल्या, स्थलांतरित ज्यू घरांतल्या दोन तरुणांनी काढलेला नायक आहे तो. त्यांचा राग कुणावर आहे हे पानापानावर दिसतं.

कॅप्टन अमेरिका या दुसऱ्या सुपरहीरोचंही तेच. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय, म्हणून तो सरकारी, असं ढकलपत्रवाल्याला वाटलं. तो अंक विक्रीला आला डिसेंबर १९४० मध्ये. ज्यामुळे अमेरिका युद्धात उतरली तो पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला ७ डिसेंबर १९४१ चा. म्हणजे अमेरिकन सरकार कागदोपत्री तटस्थ होतं आणि देशातले कितीतरी लोक ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणत होते, तेव्हा त्याचे निर्माते जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी हा ठोसा मारून घेतला. दोघेही ज्यू. त्यांना धमक्या आल्या. त्याआधी फेब्रुवारी १९४० मध्ये ‘लुक’ मासिकात सुपरमॅनने हिटलर आणि स्टालिनला उचलून जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभं केलं, तर दोनच महिन्यांत नाझींच्या एसएस दलाच्या साप्ताहिकाने जेरी सीगलला नाव घेऊन शिव्या घातल्या. प्रचार म्हणायचाच असेल तर म्हणा, पण तो त्यांचा स्वतःचा होता.

बरं, इथे थोडं नमतं घेतो, नाइलाजाने. अमेरिका युद्धात उतरल्यावर चित्र बदललं. नायक युद्धरोखे विकायला लागले, प्रकाशक सरकारी मोहिमांना हातभार लावू लागले, आणि जपानी माणसं सुळे आलेली माकडं असल्यासारखी रंगवली गेली. ते ओंगळच होतं. पण ते १९४२ नंतरचं, १९३८ चं नाही. आणि त्यातही गंमत बघा : १९४२ च्या वर्तमानपत्री पट्टीत क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, लष्करी भरतीच्या नेत्रतपासणीत नापास होतो, कारण गडबडीत तो क्ष-किरण दृष्टीने भिंतीपलीकडच्या खोलीतला तक्ता वाचतो! तो आघाडीवर गेला तर युद्ध एका दुपारीत संपलं पाहिजे, म्हणून लेखकांनी काढलेली ही पळवाट. सरकारी नायक भरतीतच नापास.

कोट्यधीश? सीगल आणि चित्रकार जो शूस्टर यांनी मार्च १९३८ मध्ये सुपरमॅनचे सगळे हक्क प्रकाशक कंपनीला विकले १३० डॉलरला. पानाला १० डॉलर, पानं १३. पुढची काही वर्षं त्यांना कामाचे पैसे बरे मिळाले, हे खरं. पण १९४७ साली हक्कांसाठी कोर्टात गेले आणि काम गेलं. शूस्टरची नजर जवळजवळ गेली. १९७५ साली बराच गाजावाजा झाल्यावर कंपनीने वर्षाला २०,००० डॉलरचं निवृत्तिवेतन देऊ केलं आणि त्यांची नावं पुन्हा छापायला घेतली. तो १३० डॉलरची नोंद असलेला मूळ चेक २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरला गेला. तो घेणारा अर्थातच तिसराच कुणी.

आता डॉक्टर. ताईने पोतं भरलं ते याच मुद्द्यामुळे. डॉक्टरचं नाव ढकलपत्रात नाही, पण ते फ्रेडरिक वर्थम. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ, १९५४ साली कॉमिक्सविरुद्ध गाजलेलं पुस्तक त्यांचंच. माणूस भोंदू नव्हता. तिथल्या हार्लेम वस्तीत गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी नाममात्र पैशात दवाखाना चालवला, आणि वर्णभेदी शाळांविरुद्धच्या खटल्यात त्यांचं काम उपयोगी पडलं. पण ‘सिद्ध केलं’ म्हणाल तर नाही. त्यांची खासगी कागदपत्रं २०१० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अभ्यासकांना खुली झाली. कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिकेने मूळ टिपणं आणि छापील पुस्तक ताडून पाहिलं आणि २०१२ साली निबंध लिहिला. निष्कर्ष असा, की डॉक्टरांनी पुराव्यात फेरफार केले. दोन जणांचं बोलणं एकाच्या तोंडी घातलं, मुलांचे शब्द बदलले, अडचणीचे तपशील गाळले. शाळा बुडवणाऱ्या एका १३ वर्षांच्या मुलीचं खापर त्यांनी कॉमिक्सवर फोडलं. ती रस्त्यावरच्या टोळीत होती आणि घरातून पळालेली होती, हे टिपणांत आहे, पुस्तकात नाही.

शिवाय त्या काळात अमेरिकेत जवळपास प्रत्येक मूल कॉमिक्स वाचत होतं. दवाखान्यात आलेली बिघडलेली पोरं कॉमिक्स वाचत होती, यावरून काही ठरवायचं तर ती सगळी दूधही पीत होती. आणि मुलं गुन्हेगारीकडे का वळतात यावर सुपरमॅनचं स्वतःचं मत जानेवारी १९३९ च्या आठव्या अंकात आहे : घाणेरड्या, कोंदट वस्त्यांमुळे. तिथे तो त्या वस्त्या पाडून टाकतो, म्हणजे सरकारला नवी घरं बांधावीच लागतील. उपाय अफाट आहे, पण निदान डॉक्टरांपेक्षा बरा.

बंदी? अमेरिकन सरकारने देशभर अशी बंदी घातलीच नाही. काही गावांनी, राज्यांनी आपापले नियम केले. सिनेटच्या उपसमितीने १९५४ मध्ये सुनावणी घेतली, बोभाटा झाला, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता करून मुखपृष्ठावर शिक्का मारायला सुरुवात केली. मार बसला तो मुख्यतः गुन्हेगारी आणि भयकथांच्या अंकांना. सुपरहीरोंची बहुतेक मासिकं तोवर खप नसल्याने आधीच बंद पडली होती.

हिंसेबद्दल ढकलपत्रवाल्याला खरा मुद्दा सापडला असता, त्याने अंक उघडले असते तर. सुरुवातीचा बॅटमॅन माणसं मारायचा. १९३९ च्या पहिल्याच गोष्टीत एक गुन्हेगार त्याचा ठोसा खाऊन ॲसिडच्या टाकीत पडतो आणि बॅटमॅनला त्याचं काही वाटत नाही. १९४० मध्ये तो विमानातून मशीनगन चालवतो. त्यानंतर बंदूक नाही, खून नाही, असा दंडक त्याच्या संपादकांनीच घातला. डॉक्टरांच्या पुस्तकाच्या किती तरी आधी.

तेव्हा पोतं खाली काढताना ताईने बघायचंच असेल तर वर्णद्वेषी चित्रं बघावीत. १९४० च्या दशकातल्या अंकांच्या पुनर्मुद्रणांत ती सर्रास आहेत आणि पोराशेजारी बसून त्यावर बोलायला हवं. पोरांना ते कळत नाही असं मात्र समजू नये. त्या काळी सुपरमॅनशी खपात टक्कर देणाऱ्या कॅप्टन मार्व्हलच्या गोष्टींत स्टीमबोट नावाचा कृष्णवर्णीय नोकर होता, जाड ओठांचा, विदूषकी. १९४५ साली न्यूयॉर्कच्या शाळकरी मुलांचा एक गट प्रकाशकाच्या कचेरीत गेला आणि संपादकाला म्हणाला, कृष्णवर्णीय माणसं अशी नसतात. त्यानंतर ते पात्र मासिकातून काढून टाकलं गेलं.