मुलांचं ऐकलं की पालकांचा अधिकार जातो? तो फॉरवर्ड नीट वाचा

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, की बालहक्क कराराच्या नावाखाली मुलं म्हणतील तेच करावं लागणार, आईबापांचा अधिकार संपला, एवढ्याशा पोरांना काय कळतं, आणि हे सगळं अमेरिकेचं खूळ आहे.

शेवटचं आधी. करार संयुक्त राष्ट्रांचा आहे, १९८९ चा, जगातल्या जवळपास सगळ्या देशांनी मंजूर केलाय आणि न केलेला एकमेव सदस्य देश म्हणजे अमेरिकाच! त्यामुळे तो मुद्दा सोडून द्या.

आता "मुलं म्हणतील तेच". कलम १२ सांगतं की ज्या गोष्टीचा मुलावर परिणाम होतो तिथे त्याला मोकळेपणाने मत मांडता यावं आणि त्याचं वय, समज बघून त्या मताला महत्त्व द्यावं. बस. मूल म्हणेल तोच निर्णय, असं त्यात कुठेच नाहीये. आणि पालकांचा अधिकार? कलम ५ वाचा, मुलाच्या वाढत्या क्षमतेनुसार त्याला मार्गदर्शन करायचा आईवडलांचा हक्क आणि जबाबदारी सरकारांनी मानायची असं स्पष्ट लिहिलंय.

खरा राग येतो तो "काय कळतं" याचा. समजा आईबाप वेगळे होताहेत आणि आठ वर्षांची मुलगी आहे, तर पगार किती, घर कोणाचं, शाळा किती लांब हे सगळं कागदावर येतं, पण तिला रात्री धाकटा भाऊ शेजारी नसला तर झोप लागत नाही हे कुठल्या कागदावर असतं? ते फक्त तिलाच माहितीये, आणि कोणी शांतपणे विचारलं तरच बाहेर येणार. म्हणूनच कलम १२ कोर्टात आणि सरकारी कामकाजातही मुलाचं ऐकून घ्या म्हणतं, थेट किंवा प्रतिनिधीमार्फत. हा करार नीट पाळला जातोय का हे बघणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००९ मध्ये याचा खुलासा केला त्यात किमान वयाची अट घालू नका असंच म्हटलंय, जे मूल बोलू शकत नाही त्याचा खेळ, चेहरा, चित्रं यातूनही समजून घ्या. पण हो, "आई हवी की बाबा" असं तोंडावर विचारून उत्तर काढून घेणं म्हणजे ऐकणं नव्हे, उलट छळ आहे तो. बोलणं हा मुलाचा हक्क आहे, सक्ती नाही, त्याला गप्प राहायचं असेल तर राहू द्या.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र बरोबर आहे, की पुष्कळ ठिकाणी मुलांना स्टेजवर उभं करून मोठ्यांनी लिहिलेलं भाषण वाचायला लावतात. पण यावर बालहक्कवाल्यांनीच कधीची टीका केलीये, मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली त्यात असल्या सजावटीला आणि नावापुरत्या सहभागाला सहभाग मानलेलंच नाही. समितीचंही म्हणणं आहे की मुलांना नंतर सांगा, तुमच्या म्हणण्याचं आम्ही काय केलं. म्हणजे "तू हे सुचवलंस, आम्ही एवढं घेतलं, बाकीचं या कारणाने नाही घेतलं" इतकं तरी. पाच मिनिटांचं काम आहे हे, आणि नेमकं तेच होत नाही.