'तीसरी मंज़िल'बद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

जळगाव-भुसावळकडच्या जुन्या सिनेमांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'तीसरी मंज़िल' (१९६६) नासिर हुसेन यांनी दिग्दर्शित केला, आणि तो संगीतकार आर. डी. बर्मन यांचा पहिलाच चित्रपट. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. नासिर हुसेन निर्माते आणि लेखक होते. दिग्दर्शन विजय आनंद यांचं. पंचमदांचा, म्हणजे बर्मन यांचा, पहिला चित्रपट 'छोटे नवाब', १९६१चा. 'तीसरी मंज़िल'ने त्यांचं नाव घरोघरी पोचवलं, हे मात्र खरं.

त्याच मेसेजखाली 'गाण्यांमुळे खुनाचा शोध रेंगाळतो' असंही कुणी लिहिलंय. मत ज्याचं त्याचं, पण मला ते अजिबात पटत नाही. शम्मी कपूरचा रॉकी हॉटेलात ड्रम वाजवतो, गाणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. आपल्या बहिणीच्या मृत्यूचा जाब रॉकीला विचारायला आलेल्या नायिकेपासून, सुनीतापासून, तो हेच नाव लपवतो. म्हणून 'ओ हसीना'त हेलनसोबत तो स्टेजवर दिसतो, तेव्हा नाचाइतकाच त्याचं बिंग फुटण्याचा धोकाही समोर असतो. ते गाणं पुढे पळवून सिनेमा बघणाऱ्याच्या हातून अर्धी गोष्ट निसटते.

आणि कृपा करून खुनी कोण ते ग्रुपवर लिहू नका. नवी पोरं आत्ता कुठे हा सिनेमा बघायला लागली आहेत.