‘औषधाच्या नावाखाली गांजाचं दुकान’? त्या फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला. त्यातले दोघं डॉक्टर आहेत, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. विषय आहे मेडिकल मारिजुआना डिस्पेन्सरी, म्हणजे कार्डधारक रुग्णांना गांजापासून केलेलं औषध विकणारं, राज्याचा परवाना असलेलं दुकान. सोबत राज्याराज्यांतल्या मुलांचं गांजाचं सेवन दाखवणारा एक नकाशाही आहे. मजकूर थोडक्यात असा: ‘मेडिकल मारिजुआना डिस्पेन्सरी म्हणजे औषधाच्या नावाखाली गांजाचं दुकान. खरं औषध असतं तर फार्मसीत मिळालं असतं. तिथे खरे रुग्ण जातच नाहीत. दुकान उघडलं की आसपास चोऱ्या वाढतात, शाळकरी मुलं नादी लागतात आणि वस्तीला काडीचा उपयोग होत नाही. सुनावणीला जा, विरोध करा.’

मी पेनसिल्व्हेनियात राहते. माझ्याकडे केअरगिव्हरचं कार्ड आहे, म्हणजे ज्या रुग्णाला स्वतः जाणं जमत नाही त्याच्यासाठी डिस्पेन्सरीतून औषध आणायचा परवाना. त्यासाठी बोटांचे ठसे देऊन पोलीस-तपासणीतून जावं लागतं. ते दार मी आतून पाहिलंय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

‘खरं औषध असतं तर फार्मसीत मिळालं असतं’

सगळा मजकूर या वाक्यावर उभा आहे आणि तेच सगळ्यात कच्चं आहे. १९७० च्या केंद्रीय कायद्यानं गांजाला पहिल्या अनुसूचीत टाकलं, म्हणजे ‘वैद्यकीय उपयोग मान्य नाही’ अशा पदार्थांच्या यादीत. त्यामुळे डॉक्टर त्याचं प्रिस्क्रिप्शन लिहू शकत नाही. २००२ मध्ये ‘कोनंट विरुद्ध वॉल्टर्स’ खटल्यात केंद्रीय अपील न्यायालयानं म्हटलं, की डॉक्टरला रुग्णाशी याबद्दल बोलता येईल, शिफारस करता येईल. पण शिफारस म्हणजे प्रिस्क्रिप्शन नव्हे. ती घेऊन फार्मसीत गेलात तर तिथल्या माणसाला हात वर करावे लागतील, कारण हा माल ठेवला तर त्याचा केंद्रीय परवानाच धोक्यात येतो. मग राज्यांनी आपापले कायदे करून वेगळं दुकान काढलं. डिस्पेन्सरी हे त्या अडचणीतून काढलेल्या वाटेचं नाव आहे. फार्मसीचं दार बंद असल्यामुळेच ती आहे.

आणि फार्मसीत ‘मिळत नाही’ हेही अर्धंच खरं. टीएचसी हा गांजातला मुख्य घटक. प्रयोगशाळेत बनवलेल्या टीएचसीला, म्हणजे ड्रोनॅबिनॉलला, १९८५ मध्येच केमोच्या उलट्यांसाठी मान्यता मिळाली. सीबीडी या गांजातल्याच, पण नशा न आणणाऱ्या घटकापासून केलेलं एपिडायोलेक्स २०१८ मध्ये दोन अवघड प्रकारच्या बाल-अपस्मारासाठी मान्य झालं. मानवी शरीर स्वतःच गांजासारखं काम करणारं एक रसायन बनवतं. ते १९९२ मध्ये सापडलं तेव्हा शोधणाऱ्यांनी संस्कृतातला ‘आनंद’ घेऊन त्याला आनंदामाइड म्हटलं. या झाडाचा आणि शरीराचा संबंध कुणा दुकानदारानं जुळवलेला नाही.

‘खरे रुग्ण जातच नाहीत’

अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजनी २०१७ मध्ये तोवरचं संशोधन तपासून मोठा अहवाल काढला. प्रौढांचं जुनाट दुखणं, केमोमुळे होणारी मळमळ आणि उलट्या, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातला स्नायूंचा ताठरपणा, या तीन गोष्टींत उपयोग होतो असा भक्कम पुरावा त्यांना मिळाला. त्याच अहवालात इतर कितीतरी आजारांबाबत पुरावा तोकडा असल्याचंही स्पष्ट लिहिलंय. आता कार्ड कोण काढतं ते पाहा. राज्यांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये ‘हेल्थ अफेअर्स’मध्ये आलेल्या अभ्यासात, २०१६ साली कार्डासाठी दिलेल्या कारणांपैकी सुमारे ६५ टक्के कारणं जुनाट दुखण्याची होती. पाठ, सांधे, नसा. ज्या दुखण्यानं माणूस रात्रभर कूस बदलत राहतो ते दुखणं.

कार्डांचा बाजार झालेला नाही असं मात्र मी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियात समुद्रकिनाऱ्यावर उभं राहून लोकांना ‘डॉक्टर आत बसलेत’ म्हणून बोलावणारे होते. ओक्लाहोमानं २०१८ मध्ये कायदा केला तेव्हा आजारांची यादीच ठेवली नाही. बघता बघता तिथे दोन हजारांवर दुकानं झाली आणि २०२२ मध्ये नवे परवाने थांबवावे लागले. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं कदाचित तेच पाहिलं असेल. पण तो दोष सैल कायद्याचा. कनेक्टिकटनं डिस्पेन्सरी फार्मासिस्टच्याच हाती दिली. पेनसिल्व्हेनियाच्या २०१६ च्या कायद्यानं दुकान उघडं असेपर्यंत डॉक्टर किंवा फार्मासिस्ट असण्याची अट घातली (२०२१ पासून ते दुरून, पडद्यावर असले तरी चालतं). मराठीत डिस्पेन्सरी म्हटलं की छोट्या खिडकीमागे औषध मोजून देणारा कंपाउंडर आठवतो. नीट चालवलेली इथली डिस्पेन्सरी त्याच्याच जातकुळीतली आहे.

आमच्या शेजारच्या बाई ७३ वर्षांच्या. केमो चालू होती, अन्नाचा वास आला तरी ओकारी यायची, वजन डोळ्यांदेखत उतरत होतं. नेहमीची मळमळीची औषधं देऊन झाली होती. मुलगा दुसऱ्या राज्यात, म्हणून केअरगिव्हर मी झाले. पहिल्या दिवशी त्या स्वतः आल्या, माझ्या दंडाला धरून. बाहेर एक छोटी खोली. तिथे दोघींची कार्डं तपासली आणि मगच आतलं दार उघडलं. आत ना धूर, ना गाणी. रांगेत आमच्यापुढे वॉकर घेतलेले एक आजोबा होते.

फार्मासिस्टनं बाईंना बसवलं आणि आधी सध्याच्या गोळ्यांची यादी मागितली. बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. ती बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेली आणि वॉरफरिनवर, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर, थांबली. म्हणाली, ‘सीबीडी जास्त असलेलं काही आज देणार नाही. त्यानं वॉरफरिनचा जोर वाढू शकतो, रक्तस्राव होऊ शकतो. आधी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना सांगा, रक्त तपासून घ्या, मग या.’ त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातानं परतलो. गाडीत बाई रडल्या, कारण त्यांना त्याच रात्री जेवायचं होतं. मलाही तेव्हा रागच आला होता.

दहा दिवसांनी, डॉक्टरांशी बोलणं झाल्यावर, अडीच मिलिग्रॅम टीएचसीच्या कॅप्सूल मिळाल्या. सोबत बजावणी: एक घ्या, दोन तास थांबा, ‘काही होत नाही’ म्हणून दुसरी घेऊ नका. त्या आठवड्यात त्यांनी अर्धी वाटी सूप पोटात ठेवलं. एका बाईंच्या अनुभवावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण ‘खरे रुग्ण जातच नाहीत’ हे वाक्य त्या खुर्चीसमोर म्हणून दाखवावं.

आणि ती खुर्ची नसती तर? २०१९ मध्ये व्हेपिंगमुळे, म्हणजे विजेवरच्या नळीतून वाफ ओढल्यामुळे, फुप्फुसांना इजा होण्याची साथ आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ माणसं रुग्णालयात दाखल झाली, ६८ दगावली. बहुतेकांनी टीएचसीची काडतुसं ओढली होती आणि संशयाची सुई गेली त्यांत भेसळ केलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटकडे. ज्यांनी माल कुठून घेतला ते सांगितलं, त्यांच्यातल्या ७८ टक्क्यांनी तो फक्त मित्र, नातेवाईक, रस्त्यावरचा विक्रेता अशा अनौपचारिक ठिकाणाहून घेतला होता, १६ टक्क्यांनी फक्त दुकानातून. दुकानंही पूर्ण सुटली नाहीत, हे या आकड्यातच आहे. तरी लॅबचा रिपोर्ट, बॅच नंबर आणि मिलिग्रॅम छापलेलं लेबल म्हणजे काय, ते यावरून समजावं. दुखणं तर राहणारच आहे. दुकान बंद केलं की लेबल तेवढं जातं.

‘दुकान आलं की चोऱ्या वाढतात’

लॉस एंजेलिसनं जून २०१० मध्ये चारशेहून अधिक डिस्पेन्सऱ्यांना बंद व्हायचा आदेश दिला. एकाच शहरात काही बंद पडल्या, काही चालू राहिल्या, त्यामुळे तुलना करायची सोय झाली. टॉम चँग आणि मिरेली जेकबसन या अर्थतज्ज्ञांनी ती केली, २०१७ मध्ये छापली. बंद पडलेल्या दुकानांच्या लगत गुन्हे वाढले होते, विशेषतः मालमत्तेचे आणि गाड्यांमधल्या चोऱ्यांचे. आरोग्य खात्यानं तात्पुरती बंद केलेली रेस्टॉरंटंही त्यांनी तपासली, तिथेही तसंच दिसलं. म्हणजे यात गांजाचा गुण काही नाही. उजेड, वर्दळ, दारावरचा पहारेकरी गेला की कोपरा ओसाड होतो आणि ओसाड कोपऱ्यात काचा फुटतात. याच विषयावरचा रँड संस्थेचा २०११ चा अहवाल लॉस एंजेलिस पोलिसांची आकडेवारी सुटल्यामुळे मागे घ्यावा लागला होता, म्हणून तो मी पुराव्यात धरत नाही. चँग आणि जेकबसन यांच्या आधी सॅक्रामेंटोतल्या अभ्यासातही (२०१२) डिस्पेन्सऱ्या दाट असण्याचा आणि हिंसक वा मालमत्तेच्या गुन्ह्यांचा संबंध आढळला नव्हता.

एक धोका मात्र खरा आहे: रोकड. केंद्रीय कायद्याच्या धाकानं बऱ्याच बँका या धंद्यापासून लांब राहतात, व्यवहार नोटांमध्ये होतो आणि नोटांवर दरोडेखोरांचा डोळा असतो. त्यावर बोला ना, जरूर बोला. पैसे कधी, कसे हलवणार, हे विचारा.

‘शाळकरी मुलं नादी लागतात’

यात आईबापांची खरी भीती आहे, म्हणून हे सावकाश वाचा. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट सायकायट्री’त डेबोरा हसिन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला: २४ वर्षांची आकडेवारी, दहा लाखांहून जास्त विद्यार्थी, ४८ राज्यं. वैद्यकीय गांजाचा कायदा झाल्यानंतर त्या राज्यांत किशोरांचं सेवन वाढलेलं दिसलं नाही. ज्या राज्यांनी कायदे केले तिथे प्रमाण जास्त होतं (साधारण १६ टक्के, इतरत्र १३), पण ते कायद्याच्या आधीपासूनच. फॉरवर्डमधला नकाशा नेमका इथे फसवतो. आजचे आकडे शेजारी शेजारी ठेवतो आणि काल काय होतं ते दाखवत नाही.

लहान मुलांचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे मी फॉरवर्डवाल्यांच्या बाजूनं आहे. सहा वर्षांखालच्या मुलांनी चुकून गांजाचे खाद्यपदार्थ खाल्ल्याच्या नोंदी अमेरिकेच्या विषबाधा केंद्रांकडे २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३०५४. हे भयंकर आहे. बहुतेक घटना घरातच घडलेल्या, कुणीतरी मोठ्यानं टेबलावर ठेवलेल्या गोळ्या-चॉकलेटांच्या. उपाय कुलपाचा आहे, आणि गोळीला खाऊचं रूप न देण्याचा. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात डिस्पेन्सरीला तयार खाद्यपदार्थ विकायची परवानगीच नाही. शाळा आणि पाळणाघरांपासून हजार फुटांची अटही आहे.

‘वस्तीला काडीचा उपयोग नाही’

हे वाक्य लिहिणाऱ्याला ही दुकानं कुठून आली ते माहीत नसावं. सॅन फ्रान्सिस्को, एड्सची साथ. तरुण पोरं हाडांचे सापळे होऊन मरत होती, अन्न जात नव्हतं. मेरी जेन रॅथबन नावाची सत्तरीला टेकलेली बाई तिथल्या सार्वजनिक रुग्णालयातल्या एड्सच्या वॉर्डात स्वयंसेवा करायची आणि गांजा घातलेल्या ब्राउनी भाजून फुकट वाटायची. त्या पेशंटांना ती ‘माझी मुलं’ म्हणायची. १९९२ मध्ये तिला अटक झाली. ज्याचा जोडीदार एड्सनं गेला होता त्या डेनिस पेरॉननं तिथे रुग्णांचा क्लब उघडला. लोक औषध घ्यायला येत आणि बसून राहत, कारण दुसरीकडे कुठे त्यांना कुणी जवळ बसू देत नव्हतं. १९९६ चा कॅलिफोर्नियाचा कायदा, देशातला पहिला, त्या खोल्यांतून निघाला.

सांताक्रूझमध्ये रुग्ण मिळून बाग लावत आणि ज्याला परवडत नाही त्याला फुकट देत. सप्टेंबर २००२ मध्ये केंद्रीय अधिकाऱ्यांनी छापा घालून रोपं उपटली. काही दिवसांत शहराच्या नगरसेवकांच्या उपस्थितीत नगरपालिकेच्या आवारात रुग्णांना औषध वाटलं गेलं. गाव कुणाच्या मागे उभं राहतं, ते तिथे दिसलं. पुढे २०१८ पासून करांच्या ओझ्यानं असं मोफत वाटप बंद पडू लागलं, तेव्हा कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये गरीब रुग्णांना दिलेल्या औषधावरचा कर माफ केला. त्या कायद्याला नाव पेरॉन आणि ‘ब्राउनी मेरी’, म्हणजे रॅथबन, यांचंच आहे.

जाता जाता आपल्या बाजूच्यांनाही एक सांगायचंय. ‘डिस्पेन्सऱ्यांमुळे ओपिऑइडचे (अफूच्या जातीच्या वेदनाशामकांचे) मृत्यू घटतात’ असं सुनावणीत म्हणू नका. २०१४ च्या एका अभ्यासात तसं दिसलं होतं, पण तीच पद्धत २०१७ पर्यंतच्या आकड्यांना लावली तेव्हा चित्र उलटलं. खोट्या फॉरवर्डला अर्धवट फॉरवर्डनं उत्तर देऊ नये.

आमच्याकडच्या डिस्पेन्सरीच्या सुनावणीला मीही जाणार आहे. पेनसिल्व्हेनियात डिस्पेन्सरीला त्या भागातल्या इतर व्यापारी दुकानांचेच नियम लागू होतात, त्यामुळे ‘नकोच’ म्हणून ओरडण्यानं फार काही होणार नाही. नेमके प्रश्न विचारले तर होईल. फार्मासिस्ट प्रत्यक्ष किती तास बसणार, की पडद्यावरच दिसणार? रोकड कोण नेणार? पार्किंगचे दिवे रात्री किती वाजेपर्यंत? कुलपाच्या पिशव्या फुकट देणार का? शेवटच्या आजारात असलेल्यांना सवलत किती? आणि वॉरफरिनवरच्या बाई आल्या तर त्यांना परत पाठवायची मुभा तिथल्या माणसाला असेल का, की विक्रीचं टार्गेट असेल? हा शेवटचा प्रश्न मी स्वतः विचारणार आहे. शेजारच्या बाईंनी सोबत यायचं कबूल केलंय.