मी एक सज्जन गिऱ्हाईक

माझ्यासारखं साधं गिऱ्हाईक शोधून सापडायचं नाही. घासाघीस नाही, उधारी नाही, मालात खोट काढणं नाही. पहिले चार आठवडे मी दर आठवड्याला चार पेट्या मागतो. पाचव्या आठवड्यापासून आठ मागतो, आणि मग शेवटपर्यंत आठच. अख्ख्या आयुष्यात एकदाच मत बदललेला माणूस म्हणा ना! तरी दर वर्षी एका दुपारी पन्नास-साठ मुलं माझ्याकडे असं बघतात, जणू मीच त्यांच्या घरादाराचा लिलाव पुकारलाय.

मी कॉलेजात व्यवस्थापन शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत मला साक्षात्कार झाला, की मुलं व्याख्यानांतून शिकत नाहीत, खेळांतून शिकतात. (यातला पहिला अर्धा भाग मला आधीपासून माहीत होता.) खेळातून धंदा शिकवायची ही कल्पना तशी जुनीच. लेनिनग्राडमध्ये मेरी बिर्श्टाइन या बाईंनी 1932 सालीच टाइपरायटरच्या कारखान्याचा खेळ मांडला होता. 1957 मध्ये अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशननं चांगल्या मुरलेल्या अधिकाऱ्यांना लुटुपुटीच्या कंपन्या चालवायला बसवलं. आणि 1960 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्या मंडळींनी जो खेळ काढला, तो माझ्या मानेवर बसला. त्याचं नाव बिअर गेम.

नावात काय आहे म्हणणाऱ्यांनी कॉलेजच्या फलकावर ही सूचना एकदा लावून बघावी. साठ्याच्या व्यवस्थापनावर मी एरवी बोलतो तेव्हा साठापैकी एकोणीस मुलं येतात, त्यातली चार उन्हातून आत आलेली असतात. ‘उद्या दुपारी दोन वाजता बिअर गेम’ लिहिल्यावर त्रेसष्ट आली. वरची तीन कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. प्राचार्यांनी घाईघाईनं ‘बिअर’ खोडून ‘पेय’ केलं, त्यामुळे कुतूहल आणखीच वाढलं. हॉलमध्ये टेबलावर नुसत्या लाल सोंगट्या आणि चिठ्ठ्या बघून झालेली निराशा मला आजवर कुठल्याही निकालाच्या दिवशी दिसलेली नाही.

खेळ असा. एका रांगेत चौघं बसतात: किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखानदार. दर आठवड्याला प्रत्येकानं मागून आलेला माल घ्यायचा, पुढच्याची मागणी भागवायची आणि मागच्याला ऑर्डरची चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी पोचायला दोन आठवडे, माल पोचायला आणखी दोन. पडून राहिलेल्या पेटीला आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, देता न आलेल्या पेटीला एक डॉलर. सुरुवातीला प्रत्येकाकडे बारा पेट्या. गिऱ्हाईक काय मागतंय ते फक्त दुकानदाराला दिसतं. आणि एकमेकांशी बोलायचं नाही.

गिऱ्हाईक मी. पत्त्यांचा गठ्ठा घेऊन टेबलांमधून फिरतो आणि दर आठवड्याला प्रत्येक दुकानदारापुढे एक पत्ता पालथा सरकवतो.

पहिले चार आठवडे मुलं जांभया देतात. पाचव्या आठवड्याला मी आठाचा पत्ता सरकवतो आणि पहिल्या टेबलावरची दुकानदारीण चमकून वर बघते. मी निर्विकार. ती पत्ता उलटा धरून बघते, सहाचा नऊ झाल्यासारखं काही आहे का म्हणून. आठ उलटा धरला तरी आठच. आठव्या आठवड्यापर्यंत तिची फडताळं रिकामी होतात आणि ती सोळाची चिठ्ठी पाठवते. माल येत नाही, तेव्हा चोवीसची. घाऊकवाल्याला वाटतं, बाजारात काहीतरी भलतंच घडतंय. तो चाळीस मागतो. वितरक मुळातच भित्रा, तो साठ. कारखानदार आतापर्यंत मागे रेलून मोबाइल बघत असतो. त्याच्या हातात साठची चिठ्ठी पडते आणि तो खाडकन सरळ बसतो. “आता खरी मजा,” असं म्हणून तो नव्वदचं उत्पादन काढतो.

बोलायची बंदी असल्यानं हॉलमध्ये मूकनाट्य चालू होतं. दुकानदारीण घाऊकवाल्याकडे बघून हात जोडते. तो दोन्ही हात वर करून मागे बोट दाखवतो. वितरकही मागे बोट दाखवतो. कारखानदाराच्या मागे भिंत असते, म्हणून तो माझ्याकडे दाखवतो. मधल्या काळात दुकानदारीण मला द्यायच्या राहिलेल्या पेट्या मोजते आणि कुजबुजते, “सर, तुम्ही दुसरीकडे का जात नाही?” मला दुसरीकडे जायला खेळात सोयच नाही, हे मी तिला कसं सांगणार?

विसाव्या आठवड्यानंतर माल यायला लागतो. येतो म्हणजे काय, कोसळतो. तोवर सगळ्यांनी धसका घेऊन आणखी ऑर्डरी दिलेल्या असतात, त्याही मागोमाग येतात. मग रातोरात सगळे शून्याच्या चिठ्ठ्या लिहायला लागतात आणि नव्वद पेट्या काढणारा कारखानदार आठवडेच्या आठवडे माशा मारत बसतो. पहिल्याच वर्षी मला इथं एक अडचण आली, जी खेळाच्या माहितीपत्रकात नव्हती. लाल सोंगट्या संपल्या. मग खडूचे तुकडे केले, ते संपले तेव्हा शर्टाची सुटी बटणं चालवली. एका मुलानं बाटलीचं झाकण ‘वीस पेट्या’ म्हणून मांडलं, ते मी मुकाट्यानं मान्य केलं.

खेळ पन्नास आठवड्यांचा असल्याचं मी सांगतो आणि छत्तिसाव्यालाच थांबवतो. शेवट कळला की मुलं शेवटच्या फेऱ्यांत ऑर्डरी बंद करून खर्च वाचवतात, म्हणून ही अधिकृत लबाडी. थांबवलं की ओरडा होतो, “सर, आत्ताच तर सावरत होतो!” असं बंद पडणारा प्रत्येक धंदेवाला म्हणत असावा.

मग मी दुकानदार सोडून बाकीच्यांना कागद देतो आणि म्हणतो, गिऱ्हाइकानं दर आठवड्याला किती मागितलं असेल, त्याचा आलेख काढा. डोंगरदऱ्या निघतात नुसत्या! एका कारखानदारानं काढलेला आलेख पाहून मला स्वतःच्या मनःस्वास्थ्याची काळजी वाटली होती. मग मी फळ्यावर माझा आलेख काढतो. चार, चार, चार, चार, आणि मग आठाची सरळ आडवी रेघ. एक पायरी. बस.

हॉल गप्प होतो. इथं मुलांना काहीतरी उमगलं पाहिजे, असं शिक्षणशास्त्र सांगतं. उमगतं ते असं, “सर, पण तुम्ही आठ का केले?”

एमआयटीतल्याच जॉन स्टरमन यांनी 1989 साली या खेळाचे निकाल तपासून शोधनिबंध लिहिला. खेळणाऱ्यांचा सरासरी खर्च, नीट हिशेबानं खेळलं तर होणाऱ्या कमीत कमी खर्चाच्या साधारण दहापट निघाला होता. प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीतही बाळांच्या लंगोटांच्या बाबतीत हेच घडत होतं. बाळं आपलं काम ठरावीक गतीनं इमानेइतबारे करत होती, पण मागं कारखान्यापर्यंत जाणाऱ्या ऑर्डरी हेलकावे खात होत्या. याला ‘बुलव्हिप’ म्हणतात. चाबकाची मूठ जराशी हलवली की टोक किती फटकारतं, तसं. हे मुलांना सांगितलं की बाळांविषयी त्यांना सहानुभूती वाटते. माझ्याविषयी नाही.

एका वर्षी वितरकाची एक जागा रिकामी राहिली. मी पत्ते सहकाऱ्याच्या हातात दिले आणि स्वतः बसलो. मला सगळं ठाऊक होतं. आठ मागणी, चार आठवड्यांची दिरंगाई, रस्त्यात असलेला माल मोजायचा, घाबरायचं नाही. हे मी पंधरा वेळा फळ्यावर लिहिलेलं होतं. समोरून तिसाची चिठ्ठी आली, माझ्याकडे शून्य माल. दोन आठवडे मी दम धरला. तिसऱ्या आठवड्याला समोरच्या मुलीनं माझ्याकडे फक्त पाहिलं, आणि मी पंचेचाळीस लिहिले. माझ्या रांगेचा खर्च त्या दिवशी सर्वांत जास्त झाला. सहकारी अजून जिन्यात भेटले की “काय वितरक!” म्हणतात.

म्हणून पुढच्या सत्रात मी संगणकावरचा मोठा खेळ घेतला. त्यात कंपन्या, किंमत, जाहिरात, संशोधन, कर्ज, सगळं काही आणि आठ फेऱ्या. एका गटाच्या दोन सीईओंमध्ये अबोला झाला, त्यामुळे तीन फेऱ्या त्यांनी निर्णयच भरले नाहीत. संगणकानं जुनेच निर्णय पुढे चालवले आणि कंपनी दुसरी आली. उरलेल्या सगळ्यांना आठव्या फेरीनंतर जगच नाही हे कळलेलं होतं, त्यामुळे त्यांनी संशोधन शून्य केलं, प्रशिक्षण शून्य केलं, निम्मा कारखाना विकला आणि नफा दाखवून टाळ्या घेतल्या. मी पुन्हा सोंगट्यांकडे वळलो.

सोंगट्यांवरून आठवलं. त्या पहिल्या वर्षी मला शंभरेक कमी पडल्या होत्या. ऑफिसला मागणीपत्र लिहिताना हात जरा सैल सोडला आणि तीनशे लिहिल्या, कारण मंजूर होताना निम्म्या होतात. महिनाभर काही आलं नाही, म्हणून एक स्मरणपत्र दिलं. तेही तीनशेचं. मग पुढच्या खेळाची तारीख आली, तेव्हा पदरच्या पैशांनी दीडशे आणल्या आणि विषय विसरून गेलो.

गेल्या आठवड्यात भांडारातल्या मामांचा फोन आला. खाली गेलो. खोकी छताला टेकली होती.

“मामा, मला शंभरच हव्या होत्या हो.”

मामांनी फाइल उघडली. विभागाच्या क्लार्कनं माझ्या दोन्ही पत्रांना वेगवेगळी मागणी धरून वर थोडी भर घातली होती, ऑफिसनं ‘पुन्हा पुन्हा नको’ म्हणून ती दुप्पट केली होती, आणि पुरवठादारानं पूर्ण पेटीखाली देत नाही म्हणून उरलेली कसर भरून काढली होती. मामांनी प्रत्येक कागद सावकाश उलटला. सगळ्यांत खालच्या दोन कागदांवर माझी सही होती.

“गिऱ्हाईक तुम्हीच ना, सर?” मामा म्हणाले, आणि माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेनं बघितलं, ती मला चांगलीच ओळखीची होती.